कुरडयांशेजारची चिप

परवा कूलरवाला आला आणि जुन्या ताट्या काढून नव्या वाळ्याच्या बसवून गेला. पंप सुरू केला, पाणी झिरपलं आणि घरभर तो ओला, मातकट, गोडसर वास पसरला. हातातलं काम टाकून मी खुर्चीत बसून राहिले. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ दिवस, लागला की नागपुरात माणसं दोन गोष्टी करतात: उन्हाला शिव्या घालतात आणि मागच्या वर्षी याहून जास्त होतं म्हणून एकमेकांना सांगतात. मी तिसरी करते. मी एका जुन्या उन्हाळ्याशी भांडते, आणि दरवर्षी हरते.

त्या उन्हाळ्यात मी चोवीस वर्षांची होते. माझ्यामुळे एका माणसाला नजर गेलेल्या बायकोला मागे ठेवून दहा महिने लांब जावं लागलं. छत्तीस-सदतीस वर्षं झाली, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तो माणूस आता नाही. त्याची बायको आहे, पारशिवनीला. यंदा नवतपा संपायच्या आत तिच्याकडे जायचं असं मी वाळ्याच्या वासात बसून ठरवलं. ठरवणं सोपं असतं, मी असं याआधीही बऱ्याचदा ठरवलेलं आहे.

मी तेव्हा इथल्या एका दूरचित्रवाणी केंद्रात नव्यानं लागलेली इंजिनिअर होते. कन्हानहून रोज बसनं यायचे. तोंडाला दुपट्टा, पर्समध्ये कांदा. ऊन लागू नये म्हणून कांदा जवळ ठेवायचा, हा आईचा हुकूम. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतलेली मुलगी कांदा घेऊन हिंडते याची मला फार लाज वाटायची. पण केंद्रात पोचले की कळायचं, शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांच्याच खिशात कांदा आहे.

थंडावा होता तो फक्त यंत्रांच्या खोल्यांत आणि स्टुडिओत. तोही माणसांसाठी नव्हे, यंत्रं तापू नयेत म्हणून. त्यामुळे नवतप्यात जो तो काहीतरी निमित्त काढून तिकडे यायचा. टंकलेखक फाईल घेऊन यायचे आणि फाईल मांडीवर ठेवून तासभर बसायचे. सेटवरच्या दिवाणावर, पुठ्ठ्याच्या झाडांखाली, जेवणानंतर कुणी ना कुणी आडवं झालेलं असे. सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी कुणाला बोलत नव्हतं.

यंत्रांच्या खोलीतले राजे म्हणजे नामदेवराव. वय सत्तावन्न, अंगानं काटकुळे, पारशिवनीहून एसटीनं येणारे. बायकोची नजर काही वर्षांपूर्वी गेलेली. सकाळी दोघांचा स्वयंपाक करून निघायचे आणि संध्याकाळी परतीची गाडी कधी चुकू द्यायचे नाहीत. काम त्यांचं असं: केंद्रात सोळा ठिकाणांहून चित्रं यायची, कॅमेऱ्यांतून, टेपच्या यंत्रांतून, बाहेरच्या लाईनवरून. ती सोळा ठिकाणी पाठवायची. कुठलं कुठे जाईल ते नामदेवराव हातानं लावायचे. समोर भोकाभोकांची एक पाटी, हातात दोन्ही टोकांना पिना असलेल्या वायरी. या भोकातून काढायची, त्या भोकात घालायची.

पिन घातली तरी ते हात काढत नसत. दुसऱ्या हातानं फोन उचलून पलीकडच्या खोलीत विचारायचे, "आलं का?" तिकडून "आलं" असं ऐकू येईपर्यंत पिनेवरची बोटं सुटायची नाहीत. मी नवी, शहाणी. एकदा म्हटलं, "काका, चित्र समोरच्या टीव्हीवर दिसतंय की. विचारता कशाला?"

"इथं दिसून राहिलं, बाई," ते म्हणाले. "तिथं दिसते का नाही, ते तिथलाच सांगंन ना जी."

मला ते जुन्या माणसाचं खूळ वाटलं.

मग केंद्रात राउटर आला. लोखंडी कपाटाएवढा. आत सोळा गुणिले सोळा, दोनशे छप्पन्न इलेक्ट्रॉनिक दरवाजे. नामदेवरावांच्या सगळ्या वायरींचं काम तो एकटा करणार होता. फक्त त्याला हुकूम देणारा पॅनेल काही आला नाही, कुठल्या तरी कागदपत्रांत अडकून पडला. आमचे इंजिनिअर साहेब म्हणाले, "आपणच बनवू. तू बनव." मी मायक्रोप्रोसेसरचं कार्ड जोडायला बसले. त्या दिवसांत टाचणीएवढ्या टोकाच्या सोल्डरिंग गनचा धूर आणि कूलरचा वास मिळून जो एक वास व्हायचा, तो मला अजून कुठे आला तर मी वळून बघते.

त्या कार्डातून राउटरपर्यंत एकच तार जात होती. तिच्यातून हुकूम एकदम जात नाही. अरुंद बोळातून वरात जावी तसे ठिपके एकामागून एक जातात, शून्य नाहीतर एक. पलीकडे ते गोळा होतात आणि त्यांचा आकडा बनतो: तीन नंबरचं चित्र एक नंबरच्या वाटेला लाव. एक नंबरची वाट म्हणजे थेट लोकांच्या घरात. आणि राउटर ते कधी लावतो, तर पडद्यावरचं एक चित्र संपून दुसरं सुरू होण्याआधी जी डोळ्याला न कळणारी काळी फट असते, तिच्यात. बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. मला हे आजही फार सुंदर वाटतं, आणि हे ज्याला सांगावं तो घड्याळ बघायला लागतो.

प्रोग्राम चिपवर लिहायचा असे. चुकला तर चिप पुसून पुन्हा लिहायची. पुसायला अतिनील दिव्याची एक पेटी असते. आमच्या पेटीचा दिवा गेला होता आणि नवा केव्हा येईल ते कुणालाच माहीत नव्हतं. इंजिनिअर साहेब हसत म्हणाले, "नागपूरचं ऊन काय कमी आहे?" गंमत करत होते, पण गोष्ट खरी होती. चिपच्या पोटावर काचेची एक बारीकशी खिडकी असते. तिच्यावर आठ दिवस कडक ऊन पडलं तर चिप कोरी होते. चिपा माझ्याकडे दोनच होत्या. एक कार्डात लावली आणि दुसरी, लिहिताना चुकलेली, कन्हानला आमच्या गच्चीवर नेऊन ठेवली, आईच्या कुरडयांशेजारी.

"हे काय वाळू घातलं वं?" आईनं विचारलं.

"चिप आहे. उन्हानं कोरी होते."

"किती दिवस लागते?"

"आठ."

"आठ दिवसात माह्या कुरडया दोनदा वाळून निघतीन," ती म्हणाली. "तुह्या शिक्षणाले लय वेळ लागते बाप्पा."

गच्चीवर आम्ही दोघी पहाटे चीक घालायचो. गव्हाच्या चिकाचा तो आंबूस वास, साच्यातून पडणारे पांढरे वेढे, ऊन चढायच्या आत खाली पळायची घाई. पायाला फरशी चटके द्यायची. आई गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. कुरडया मी विकतच्या आणते, आणि त्या तळल्या की तिच्याइतक्या फुलत नाहीत.

ती दुसरी चिप मला का हवी होती, ते सांगायला हवं. पहिल्या चिपमध्ये मी एक गोष्ट करायची राहू दिली होती. बटण दाबलं की पॅनेलवरचा दिवा लागायचा, हुकूम तारेवर जायचा, आणि काम झालं असं माझं कार्ड समजायचं. पलीकडे काय पोचलं ते विचारायचं नाही. शिवाय मी एक हुशारी केली होती. तीन नंबर आधीच लावलेला आहे अशी नोंद असताना कुणी पुन्हा तीन दाबलं, तर कार्ड गप्प बसायचं, उगाच तारेवर गर्दी नको म्हणून. नामदेवरावांनी पॅनेल बघितला, बटणं हळूच दाबून बघितली आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"बाई, तो तिकून 'आलं' म्हणते का?"

"म्हणेल," मी म्हटलं. "पुढच्या चिपमध्ये."

पुढची चिप गच्चीवर होती. आठव्या दिवशी काढायला गेले तर ती पांढऱ्या धोतराखाली. कावळे येतात म्हणून आईनं कुरडयांवर वडिलांचं जुनं धोतर पसरलं होतं, आणि माझी वस्तू किमती दिसते म्हणून तिच्यावरही, घडी करून, चांगलं जाड. किती दिवस ती सावलीत होती, देव जाणे. चिप पुसली गेलीच नव्हती. मी आईवर ओरडले. ती बिचारी म्हणत राहिली, "मले वाटलं, कावळा नेईन."

दुसऱ्याच दिवशी वरून पाहुणे अधिकारी येणार होते आणि इंजिनिअर साहेबांना त्यांना नवा पॅनेल चालताना दाखवायचा होता. अजून आठ दिवस द्या, असं मला म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. आपण केलेली वस्तू चालताना बघायची मलाच हाव सुटली होती. जुन्या वायरी काढून टाकायचाही हुकूम निघाला. नामदेवरावांनी त्या काढल्या आणि खुर्चीमागच्या खुंटीला अडकवून ठेवल्या.

पाहुणे आले त्या दिवशी साडेपाचला शेतीचा कार्यक्रम थेट होता. तीन नंबरवर पहिला स्टुडिओ, तिथे कपाशीचे एक तज्ज्ञ बसलेले. सात नंबरवर दुसरा स्टुडिओ, तिथे मुलांच्या कार्यक्रमाचा सेट. तिथलं रेकॉर्डिंग सहाला, पण तेव्हाच्या कॅमेऱ्यांना तापायला वेळ लागे, म्हणून तो आधीच सुरू करून ठेवलेला. नामदेवरावांनी तीन दाबलं. पॅनेलवर तीनचा दिवा लागला. नेमका त्याच क्षणी, माझ्या तारेला खेटून गेलेल्या वायरीवरचा एसीचा कॉम्प्रेसर धडधडून सुरू झाला आणि जाता जाता एक ठिपका बदलून गेला. शून्याचा एक झाला. तीन आणि सात यांच्यात एवढ्या एकाच ठिपक्याचं अंतर आहे.

विदर्भातल्या घराघरांत कपाशीच्या तज्ज्ञांऐवजी आमचे प्रशासन अधिकारी दिसायला लागले. पुठ्ठ्याच्या आंब्याच्या झाडाखाली, दिवाणावर, बनियनवर, डोक्याला ओला नॅपकिन, पोटावर ठेवलेल्या मुठीत कांदा. गाढ झोपलेले.

नामदेवरावांनी बघितलं आणि पुन्हा तीन दाबलं. माझं हुशार कार्ड गप्प राहिलं, कारण त्याच्या मते तीन लागलेलंच होतं. पुन्हा दाबलं. पुन्हा गप्प. दिवा तीनचाच. मी त्यांच्या मागे उभी होते. ते उठले, खुंटीवरची वायर ओढली, राउटरच्या मागून तीन नंबर हातानं जोडला, फोन उचलला आणि विचारलं, "आलं का?" सगळं मिळून पंधरा-वीस सेकंद गेले असतील.

चौकशी तिसऱ्या दिवशी झाली. प्रशासन अधिकाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं: म्हाताऱ्याला नवा पॅनेल नकोच होता, त्यानं आधी सात दाबलं आणि मग सावरायला तीन. वायरीही त्यानं काढून टाकायच्या सोडून खुंटीला ठेवल्या होत्या, हुकूम मोडून. मला त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"पॅनेलवर दिवा कुठला होता?"

"तीनचा."

"म्हणजे कार्ड बरोबर चालत होतं."

मी म्हटलं, "दिवा तीनचा होता." पुन्हा तेवढंच. शब्दाशब्दानं खरं आणि सबंध खोटं असं ते वाक्य होतं, आणि ते म्हणताना माझा आवाज जराही हलला नाही. नामदेवराव समोरच बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग पंख्याकडे. त्यांची बदली दूरच्या एका टेकडीवरच्या ट्रान्समीटरवर झाली. दोन गाड्या बदलून जायचं. रोज परत येणं शक्यच नव्हतं.

ऑर्डर निघाली त्या दुपारी ते रांजणापाशी दुपट्टा भिजवत उभे होते. मी गेले. म्हटलं, "काका, बटण तुम्ही बरोबर दाबलं होतं. माझ्या कार्डानं उलटून विचारलं नाही. मी लिहून देते."

"तुमची नोकरी पक्की कधी होते?"

"ऑगस्टात."

"मंग लिहू नका. कार्ड बी काढतीन, तुमाले बी काढतीन. माहे रिटायर व्हाले दहा महिने राह्यले. काढतो मी."

"आणि काकू?"

"तिची बहीण आहे रामटेकले." त्यांनी दुपट्टा पिळला, डोक्याला गुंडाळला. "तेवढं त्याच्याकून हो म्हणवून घ्या फक्त. कार्डाकून."

या प्रसंगाला मी कितीतरी वर्षं त्यांचा मोठेपणा म्हणत आले. मोठेपणा होताच. पण मी लिहायचं सोडून विचारायला गेले, आणि जो माणूस नाहीच म्हणणार हे मला पक्कं ठाऊक होतं त्यालाच विचारायला गेले. त्यांनी नाही म्हटलं आणि मला सुटल्यासारखं झालं. खोटं कशाला बोलू, रांजणातलं गार पाणी पिऊन मी खोलीत गेले तेव्हा मला बरं वाटत होतं.

पुढच्या चिपला पुरतं ऊन मिळालं. तिच्यात मी हुकूम गेला की राउटरला विचारायचं, काय पोचलं ते त्याच्याकडून परत मागवायचं, जुळलं तरच दिवा लावायचा, नाही जुळलं तर पुन्हा पाठवायचं, असं सगळं लिहिलं. ते कार्ड पुढे वीसेक वर्षं चाललं. ऑगस्टात माझी नोकरी पक्की झाली. कार्डासाठी शाबासकीचं पत्रही मिळालं, ते मी फ्रेम केलं नाही एवढंच.

टेकडीवरून नामदेवरावांचा रोज दुपारी तीनला फोन यायचा, सिग्नल तपासायला. "आलं का, बाई?" "आलं." बस. "काकू कशा आहेत?" हे तीन शब्द मी दहा महिन्यांत एकदाही विचारले नाहीत. मग ते निवृत्त झाले. पुढे कधीतरी ते गेल्याचं कळलं, आणि मी भेटायलाही गेले नाही. आता राउटर म्हणजे संगणकावरची चौकट झाली आहे, बोटानं खिडक्या सरकवायच्या. मीही निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी एक तरुण सहकारी माझ्या त्या कार्डाबद्दल फार आदरानं बोलला. मी हार घालून बसले होते आणि उठून निघून जावंसं वाटत होतं.

तर काल मी पारशिवनीला गेले. सकाळी लवकर निघायचं म्हणून उशिरा निघाले, पोचले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. काकू पुतण्याकडे राहतात. ओसरीवर खाटेवर बसल्या होत्या, अगदी लहानशा झालेल्या. मी नाव सांगितलं, केंद्रातली इंजिनिअर म्हटलं.

"टीव्हीवाल्या बाई?" त्या म्हणाल्या. "ते तुमचं नाव घेत. बसा." आणि आतल्या सुनेला पन्हं आणायला सांगितलं. मी जुळवून आणलेलं पहिलं वाक्य काही केल्या तोंडातून निघेना. तेव्हा त्याच बोलल्या.

"तुमाले एक इचारू का? मले दिसत नाही, पण त्याईच्या ड्यूटीचा कार्यक्रम मी रोज आयकत होती. आजूबाजूच्या बायका बी पाहाले येत. त्या दिवशी तो मानूस सांगून राहिला होता, कपाशीवरची अळी दिवसा पानाखाली झोपून राहते म्हणून. अन् साऱ्या हासाले लागल्या. पोट धरून. आवाज तं साधाच होता. अळीत हासाचं काय होतं?"

माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, इतकी वर्षं. आवाजाची वाट वेगळी असते. चुकलं ते चित्र, आवाज बरोबर जात होता. त्यांच्यापुरतं त्या दिवशी काहीच बिघडलं नव्हतं.

"त्याईले इचारलं तं म्हणत, काही नाही, हात चुकला," काकू म्हणाल्या. "गावात बी तेच झालं. म्हाताऱ्याचा हात चुकला म्हणून हाकलला. काय चुकलं ते मले कोणी सांगे नाही."

मी सांगितलं. पुठ्ठ्याचं झाड, बनियन, ओला नॅपकिन, कांदा. काकू आधी ऐकत राहिल्या, मग हसायला लागल्या, अंग हलेपर्यंत हसल्या आणि पदरानं डोळे पुसले. "पानाखाली झोपून राहते," त्या म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या. मग मी उरलेलं सांगितलं. बटण त्यांनी बरोबर दाबलं होतं. चूक माझी होती. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही.

पंखा फिरत होता. सून पन्ह्याचे पेले ठेवून गेली.

"हे तुमाले तवापासून मालूम होतं?"

"हो."

"त्याईले बी?"

"हो."

"बहिणीच्या घरी दहा महिने राह्यली मी," त्या म्हणाल्या. "उंबरा कुठं, न्हाणी कुठं, काही मालूम नाही. दोनदा पडली." राग नव्हता आवाजात. राग असता तर बरं झालं असतं. मी माफ करा म्हणायला गेले, तर त्यांनी हात वर केला.

"मले काहून सांगता? त्याईचा हात चुकला नाही, हे मले तं मालूमच होतं." आणि दाराच्या दिशेला तोंड करून त्यांनी सुनेला हाक मारली. "मंदे, ए मंदे, इकडे ये वं. शांताले बोलाव, तिच्या सासूले बी. तवा टीव्ही पाहाले येत होत्या त्या, जेवढ्या जित्या आहेत तेवढ्या साऱ्याईले बोलाव."

भर दुपारी, डोक्यावर पदर ओढून, एकेक बाई ओसरीवर आली. पाच झाल्या. काठी टेकत आलेल्या एका म्हातारीला काकूंनी आपल्या खाटेवर जागा करून दिली. मग माझ्याकडे वळल्या.

"आता सांगा," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून. अन् जोरानं सांगा, शांताच्या सासूले कमी आयकू येते."

मी उभी राहिले, माझं नाव सांगितलं आणि सुरू केलं.